वाट एकट्याची, वाट सोबतीची

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. धानाची रोवणी आटोपून गावाला जरा उसंत मिळाली होती. आमच्या धर्मग्रामातील साठी ओलांडलेल्या एक विधवा बाई लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ परत करण्यासाठी माझ्याकडे आल्या. शिक्षण सातवीपर्यंतचे, आयुष्य घर, शेती आणि मुले यांत गेलेले. पुस्तक टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “फादर, औंदा वेलांकनीला मी एकटीच जाऊ का?”

आमच्याकडून दर वर्षी यात्रेकरूंचा एक मेळा वेलांकनीला जातो. बाईही त्यात अनेकदा गेल्या आहेत. तेव्हा मी धर्मगुरूला शोभेल असे, म्हणजे फारसा विचार न करता, उत्तर दिले. उपदेशकाच्या ग्रंथात एकापेक्षा दोघे बरे असे सांगितले आहे. एक पडला तर दुसरा त्याला उठवतो. या वयात एकटीने कशाला जायचे, सगळ्यांबरोबर जा. बाईंनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, “सगळ्यांबरोबर गेले, की मी तिथंही भातच रांधत बसते, फादर. चार वेळा जाऊन आले. पण माउलीसमोर निवांत अशी एकदाही बसले नाही.”

या वाक्यापुढे माझे उपदेशकाचे वचन लंगडे पडले. बाई गेल्या, प्रश्न मात्र मागे राहिला. पुढील काही आठवडे मी माझ्या कपाटातील मराठी प्रवासलेखन याच एका प्रश्नासाठी पुन्हा वाचून काढले. मनुष्य एकटा निघतो तेव्हा त्याला काय दिसते, आणि सोबतीने निघतो तेव्हा काय? प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचा जमाखर्च होय.

मराठी गद्यातील पहिल्या महत्त्वाच्या प्रवासकथांत विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे स्थान मोठे आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, वरसई गावचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तर हिंदुस्थानात निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, एवढाच हेतू. वाटेत बंड पेटले आणि दोघे भट झाशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामणराव वैद्य यांनी हे लेखन १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा लेखक हयात नव्हता.

ग्रंथाचे नाव ‘माझा प्रवास’ असले, तरी त्याचे खरे सर्वनाम ‘आम्ही’ आहे. भयाच्या प्रसंगी हे विशेष जाणवते. नगरात कत्तल चालली असता लपून बसलेल्या माणसाला सोबती हवा असतो. सोबती वाचवील म्हणून नव्हे. जे घडते आहे ते खरोखर घडते आहे, याला साक्षीदार लागतो म्हणून. पंचवीसेक वर्षांनी गोडसे भटजी हे सारे इतक्या ठामपणे लिहू शकले, यात त्या चुलत्यांच्या सोबतीचा वाटा असला पाहिजे, असे मला वाटते. तथापि एक उणीवही नोंदली पाहिजे. चुलत्यांची सोबत आपल्याला पानोपानी कळते. चुलत्यांचे मन फारसे कळत नाही. सोबती हा आपल्या प्रवासलेखनात पुष्कळदा असा सामानासारखा बरोबर असतो. तो आहे हे कळते, तो कोण हे कळत नाही. आमच्या बाईंची तक्रार याहून वेगळी कुठे होती?

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेल्यावर ही मुलगी आपल्या भावाबरोबर देशभर पायी हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. दोनच वर्षांनी भाऊही गेला. पुढे १८८३ साली इंग्लंड आणि १८८६ साली अमेरिका असा तिचा प्रवास झाला. त्यातून १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ निघाला. परदेशात एकट्या पडलेल्या या स्त्रीने स्वतःच्या एकटेपणाविषयी पुष्कळ लिहिले असते, तर कुणी दोष दिला नसता. परंतु ग्रंथभर दिसतात ती तेथील माणसे, त्यांच्या शाळा, त्यांच्या संस्था आणि स्त्रियांची स्थिती. लेखिका स्वतः बाजूला उभी आहे. एकट्याने केलेला प्रवास माणसाला आत्ममग्न करतो, असा एक समज आहे. रमाबाईंचा ग्रंथ तो खोडून काढतो. बोलायला आपले कुणी नसले, की डोळे बाहेर वळतात. आणि पाहण्यामागे काही काम असले, तर ते बाहेरच राहतात.

एकाच लेखकाने दोन्ही वाटा चालून पाहिल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोपाल नीलकंठ दांडेकर. विदर्भातील परतवाड्याला १९१६ साली जन्मलेला हा लेखक लहान वयातच घर सोडून बाहेर पडला, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला आणि पुढे त्याने नर्मदेची परिक्रमा केली. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्या अनुभवावर उभी आहे. ‘दुर्गभ्रमणगाथा’ मात्र मित्रमंडळींबरोबर गड हिंडणाऱ्या दांडेकरांची. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. दुसऱ्यात उत्साह आहे, गप्पा आहेत, गडाच्या इतिहासाचे सामूहिक प्रेम आहे. ज्याचा दम लागतो त्याला हात देणारे कुणी आहे. सर्वांची भक्ती एकच असल्यामुळे तिथे कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. ही या सोबतीची शक्ती, आणि हीच तिची मर्यादाही.

पहिल्या पुस्तकाचे नावच पाहा. तो ‘कुणी एक’ आहे. त्याला नावही उरलेले नाही. परिक्रमेच्या रीतीप्रमाणे नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि मिळेल त्या भिक्षेवर राहायचे. म्हणजे ज्याला आपण एकटा म्हणतो, त्याची रोजची भाकरी अनोळखी माणसांच्या हाती असते. मित्रांबरोबर निघालेला माणूस आपली शिदोरी घेऊन निघतो, म्हणून तो स्वतंत्र असतो. एकटा निघालेला मात्र सर्वांवर अवलंबून असतो. आपण सहसा याच्या उलट समजतो. एकटेपणा म्हणजे स्वावलंबन, हा विचार ज्याने कधी पायी एकट्याने मजल मारलेली नाही त्याचा होय.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’विषयी (१९६०) काही लिहिणे धाडसाचे आहे, कारण ज्या घरात मराठी पुस्तके आहेत, त्या घरात ते आहे. सुनीताबाईंच्या सोबतीने केलेला हा प्रवास आहे. सोबतीने विनोदाला कशी जागा मिळते, ते येथे पाहावे. फजिती एकट्याची झाली तर ती केवळ फजिती. पाहणारे आपले माणूस शेजारी असले, की तिची गोष्ट होते. पण सोबतीबरोबर घरही येते. पु. ल. विलायत पाहतात ती पुणे-पार्ल्याच्या मापाने मोजत, आणि आपण खळखळून हसतो ते त्या मापामुळेच. हे पुस्तक आपल्याला विलायतेच्या जवळ नेते की आपल्याच अंगणात अधिक सुखाने बसवते, हा प्रश्न मी आदराने विचारून ठेवतो.

याउलट डॉ. मीना प्रभू. लंडनला स्थायिक झालेल्या या लेखिकेने जगातील अनेक देश हिंडून पाहिले, आणि पुष्कळदा एकटीने. त्यांचे ‘रोमराज्य’ आपल्या वाचकांना विषयामुळेच जवळचे वाटावे. २०२५ साली त्या निवर्तल्या तेव्हा मराठी प्रवासलेखनातील एक मोठे दालन बंद झाले. मुक्कामाची सोय, चुकलेली गाडी, भाषा न कळणारा दुकानदार, यांतून त्यांचे लेखन चालते. माहितीचा भार कधी कधी अधिक होतो, हे खरे. परंतु या पुस्तकांनी एक गोष्ट केली, जिची दखल समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. मध्यमवयीन मराठी बाई एकटी हिंडू शकते, आणि तिला त्यासाठी कुणाची परवानगी वा कुठले दुःख कारण म्हणून सांगावे लागत नाही, हे त्यांनी हजारो घरांत सहज पोहोचवले.

‘दुःख’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण लक्ष्मीबाई टिळकांचे एकटेपण हे निवडलेले नव्हते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त प्रवास पुष्कळ आहे. पण वाट पकडतात ते नारायण वामन टिळक. मागे राहतात त्या लक्ष्मीबाई. टिळक लहर लागेल तेव्हा निघत. पत्नीचे एकटेपण ही त्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू होती. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर तर काही वर्षे त्या नातेवाइकांच्या घरी विलग होऊन राहिल्या. आणि तरीही या बाईंच्या लेखनात कडवटपणा नाही. आहे ते हसू, आणि स्वतःलाही न सोडणारे हसू. पुढे वैधव्यात त्या मुंबई-कराचीपर्यंत गेल्या. आपल्या बायांना हे पुस्तक का आवडते, याचे उत्तर येथे आहे. मागे ठेवली गेलेली बाई शेवटी स्वतःच्या पायांवर वाट चालू लागते, अशी ही कथा आहे. मी ते पुस्तक आमच्या बाईंना वाचायला दिले आणि वर त्यांनाच मेळ्यात जाण्याचा सल्ला दिला, ही विसंगती माझ्या फार उशिरा लक्षात आली.

येथवर दोन्ही पारडी साधारण समान भरतात. सोबत धीर देते, साक्ष देते, हसू देते. एकटेपण डोळे उघडते, नम्र करते. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे समीक्षा नव्हे, वाटाघाट झाली. मला वाटते, प्रश्नच चुकीचा मांडला जातो. तो एक की दोन, असा संख्येचा नाही.

हे मला आमच्याच मुलखातील एका लेखकाने दाखवले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध बहुतेकांना राष्ट्रीय उद्यानामुळे ठाऊक आहे. सात बहिणी म्हटल्या जाणाऱ्या डोंगरांमधला हा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. तळी बांधणे हे कोहळी समाजाचे पिढीजात कसब. या बांधावर वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली येऊन राहिले. सोलापूरकडचा हा माणूस. २०२५ साली सोलापुरातच त्याने देह ठेवला. ‘नवेगावबांधचे दिवस’ या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे.

चितमपल्लींची प्रतिमा एकट्या रानवेड्याची आहे. पण त्यांचे नवेगावविषयीचे लेखन नीट वाचले, तर ते एकट्याचे लेखन नाही हे कळते. तेथे माधवराव पाटील डोंगरवार आहेत. या गावच्या पाटलांना तलाव, मासे, पाखरे आणि झाडे यांचे ज्ञान पुस्तकाबाहेरून आलेले. तेथे जंगलात राहणारी, वाट दाखवणारी माणसे आहेत. साहेब म्हणून आलेला लेखक या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसतो. पाखरांची आणि झाडांची जी नावे त्यांनी मराठीला दिली, त्यांतील कितीतरी अशा माणसांच्या तोंडची आहेत. चितमपल्ली एकटे आले म्हणून त्यांच्या शेजारी माधवरावांना जागा होती. आपल्याच खात्यातील चार मित्र बरोबर असते, तर संध्याकाळी बांधावर खात्याच्याच गप्पा झाल्या असत्या.

येथे मला कसोटी सापडली. प्रवास एकट्याचा असो की दहाजणांचा, त्यात वाटेवर भेटणाऱ्या तिसऱ्या माणसाला बसायला जागा आहे का?

ही कसोटी लावून पाहिली, की वर उल्लेखिलेली पुस्तके नव्याने दिसू लागतात. गोडसे काका-पुतण्यांना महूजवळ शिपाई भेटतात आणि पुढील अरिष्टाची वार्ता सांगतात. त्यांचे ऐकून घेण्याइतकी जागा त्या दोघांत आहे. दांडेकरांच्या ‘कुणा एका’चे तर सारे आयुष्यच तिसऱ्या माणसाच्या दारात आहे. टिळकांचा प्रसंग ख्रिस्ती वाचकांना परिचित आहे. १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका परक्या मिशनरी सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. तो लोहमार्ग आपल्या गोंदियावरून जातो. टिळक त्या दिवशी मित्रांच्या घोळक्यात असते, तर कवितांची मैफल झाली असती आणि तो परका प्रवासी खिडकीबाहेर पाहत राजनांदगावपर्यंत गेला असता.

आणि याच प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोघे चालले आहेत. त्यांतील एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव सांगितलेले नाही. ते मित्र आहेत, दुःखात आहेत, आपसांत बोलत आहेत. सोबतीचे सारे सुख आणि साऱ्या मर्यादा तेथे आहेत. तिसरा येऊन मिळतो तो अनोळखी म्हणून. तो पुढे जाण्याचा बेत दाखवतो. हे त्याला आग्रहाने थांबवून घेतात. तो आग्रह केला नसता तर? आपल्या प्रभूने शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवले आणि स्वतः मात्र पहाटे उठून एकांतात गेला. शुभवर्तमानात दोन्ही वाटांना मान आहे. फक्त बंद दाराला मान नाही.

आता माझीच कबुली देतो. २०२४-२५ साली गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन झाले, तेव्हा एका यात्रेचा पुढारी म्हणून मी गेलो होतो. त्या तीन दिवसांतील माझी ठळक आठवण म्हणजे माणसे मोजणे. गाडीत चढताना मोजली, उतरताना मोजली, जेवायला बसल्यावर मोजली. दर्शनाच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ मोडक्या हिंदीत माझ्याशी काही बोलू पाहत होते. दूरवरून एकटेच आले असावेत. मी ‘हो हो’ म्हणत मागे वळून आमची माणसे मोजत राहिलो. ते काय सांगत होते, ते मला आजही ठाऊक नाही. अम्माऊसच्या वाटेवर मी असतो, तर तिसरा माणूस पुढे निघून गेला असता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. एकटे की सोबतीने, ही निवड ही चैन आहे. ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. आमच्याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हिमालय ओलांडला तो सोबत आवडते म्हणून नव्हे. या भागातील मजूर कामासाठी परमुलखात जातात ते टोळीने. कारण एकट्या मजुराची मजुरी बुडते. २०२० सालच्या टाळेबंदीत साकोली-देवरीच्या महामार्गाने छत्तीसगडकडे चालत निघालेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना ‘मित्रांसह भटकंती’ हे शब्द सहज उच्चारता येणार नाहीत. आपल्या प्रवासलेखनात या माणसांची वाट जवळजवळ नाही, ही त्याची खरी उणीव आहे. आपण तिकीट काढून गेलेल्यांचेच प्रवासवर्णन समजतो; हाकलले गेलेल्यांचे, पोटासाठी गेलेल्यांचे लिहून ठेवीत नाही. आपल्या धर्मग्रामांतूनही परगावी गेलेल्या मुलामुलींच्या हकिगती कुणी लिहवून घेतल्या, तर ते मोठे काम होईल.

परंतु हा आक्षेप माझ्या कसोटीला बाध आणीत नाही. उलट बळ देतो. त्या महामार्गावर ज्यांनी दारातला माठ भरून ठेवला, त्यांनी तिसऱ्या माणसाला जागा केली. ते घरीच होते. तरी खऱ्या अर्थाने प्रवासात होते, असे मी म्हणेन.

मग आमच्या बाईंचे काय? मेळ्यात त्यांना जागा नव्हती, चूल होती. ज्या सोबतीत एका माणसाने नेहमी रांधायचे आणि इतरांनी नेहमी दर्शन घ्यायचे, ती सोबत उपदेशकाच्या ग्रंथातील नव्हे. तेथे पडलेल्याला उठवणारा दुसरा आहे. आपल्याकडे बाई कधी पडतच नाही, असे आपण धरून चालतो. म्हणून मी बाईंच्या घरी गेलो आणि माझा सल्ला परत घेतला. मुलगा प्रथम नाराज होता. त्याची काळजी खोटी नव्हती. एकटी बाई, लांबचा प्रवास, मद्रासकडील भाषा. आम्ही तिघांनी बसून गाड्या पाहिल्या, कुठे बदलायची ते लिहून काढले, आणि बाईंनी तो कागद पदराच्या गाठीला बांधावा तसा बटव्यात ठेवला. सरावासाठी त्या आधी अर्जुनीहून गोंदियापर्यंत एकट्या जाऊन आल्या. पुढे वेलांकनीलाही गेल्या आणि सुखरूप परतल्या.

परत आल्यावर मी विचारले, निवांत बसायला मिळाले का? म्हणाल्या, हो, दोन तास. आणि मग पुढचा अर्धा तास त्या मला माउलीविषयी नव्हे, तर गाडीत शेजारी बसलेल्या एका तमिळ बाईविषयी सांगत होत्या. दोघींना एकमेकींचे अक्षरही कळत नव्हते. तरी त्या बाईने आपल्या डब्यातील इडली यांना दिली आणि यांनी आपले चिवड्याचे पुडके तिला. कुणाला किती मुले, कोण हयात, कोण नाही, एवढे सारे बोटांवर सांगून झाले.

यंदाच्या मेळ्यात स्वयंपाकाच्या पाळ्या लावायच्या असे आम्ही ठरवले आहे. त्यात पुरुषांचीही नावे आहेत, आणि पहिले नाव माझे आहे. बाई या वर्षी मेळ्याबरोबर जाणार आहेत. त्यांनी माझ्याकडून दुसरे पुस्तक वाचायला नेले आहे. ते पंडिता रमाबाईंचे आहे.